समुद्राला पायऱ्या

वैजू, तुझ्या समुद्राच्या पायऱ्या पुसायला निघालेत. म्हणून लिहायला बसले. एरवी इतक्यात तुझ्याबद्दल काही लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. तुझं तेरावं होऊन जेमतेम आठवडा झालाय, तुझ्याकडचे दोन डबे अजून माझ्या ओट्यावर पालथे पडलेत, आणि ते परत नेऊन द्यायचे की ठेवून घ्यायचे एवढंही मला ठरवता येत नाहीये.

दुपारी पुण्याहून केतकीचा फोन आला. आपल्या प्रकाशकांकडची संपादक, जिला तू "गोड बोलून पानं कापणारी" म्हणायचीस. तुझ्याबद्दल बोलली, मनापासून बोलली. मग म्हणाली, "मॅडम, पुस्तक आता आणखी लांबवायला नको. फक्त एक करू या का? समुद्राच्या चित्रांतल्या त्या पायऱ्या काढून टाकू. आमचे एक चित्रकार आहेत, ते कंप्यूटरवर इतकं सफाईनं करतात की कळणारसुद्धा नाही. तुमचंही तेच म्हणणं होतं ना?"

होतं. अगदी तेच म्हणणं होतं. या चित्रांवरून मी तुझ्याशी वर्षभर भांडले. माझ्या आत्यानं मला रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात सांगितलेली ही गोष्ट, तिच्यातला समुद्र आमच्या परसदारापासून हाकेच्या अंतरावरचा, आणि तू त्यात उतरायला इथं जयपूरकडच्या पायऱ्यांच्या विहिरीला, बावडीला, असतात तशा चहूबाजूंनी दगडी पायऱ्या काढल्यास. विहीर असावी तसा समुद्र! केतकीला सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. हो म्हटलं तर पुस्तक लगेच छपाईला जाईल. नाही म्हटलं तर बहुधा जाणारच नाही, कारण कोकणातल्या समुद्राला पायऱ्या दाखवणारं पुस्तक शाळा घेणार नाहीत अशी तिच्या साहेबांना धास्ती आहे. आणि हे तुझं शेवटचं पुस्तक आहे. यानंतर दुसरं येणार नाही.

आपली ओळखच मुळात भांडणानं झाली, आठवतं? माझे हे विमा कंपनीत, तुझे श्रीकांतराव सरकारी कार्यालयात. दोन्ही घरं बदली होऊन जयपूरला आली आणि "दोन-तीन वर्षं काढू आणि जाऊ परत" म्हणता म्हणता वैशाली नगरात कायमची बसली. मी तेव्हा इथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. मराठी मंडळाच्या गणपतीत मखरामागचा पडदा रंगवायला कुणी बाई स्टुलावर चढल्यात एवढंच मला दिसलं, आणि दिसलं की त्यांनी केळीला फांद्या काढल्यात.

"अहो, केळीला फांद्या नसतात," मी खालून म्हटलं.

तू मागं वळूनही पाहिलं नाहीस. "ह्या केळीला आहेत की. गणपतीच्या मागं काहीतरी डुलायला नको?"

"पानं डुलतात."

"तुम्ही कोण?"

"मी वनस्पतिशास्त्र शिकवते."

"मग बरंच झालं. ह्यापुढं झाडं तुम्हाला विचारून काढत जाईन," तू म्हणालीस, आणि पुढं कधी एकदाही विचारलं नाहीस.

मंडळातल्या मुलांना गोष्टी सांगायचं खूळ माझं. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी, अशा खिचडीत वाढणारी ती पोरं. मी आत्याच्या गोष्टी आत्याच्याच शब्दांत सांगायची आणि ती जांभया द्यायची. "आंटी, मतलब?" दर वाक्याला एक मतलब. मी रडकुंडीला आले होते. एका रविवारी तू मागं बसून ऐकत होतीस. उठलीस, फळ्याशी गेलीस आणि मी सांगत होते ती म्हातारी काढायला लागलीस. मी बोलतेय आणि तू काढतेयस. म्हातारीचा एक हात तू तसाच हवेत धरलेला ठेवलास, मुठीत काही नाही. गोष्ट पुढं सरकली तरी सगळ्यांचं लक्ष त्या रिकाम्या मुठीकडं. शेवटी एकजण ओरडलाच, "आंटी, इसकी लाठी?" तर शेजारच्या मुलीनं त्याला झापलं, "अरे, ती काठी वाघानं नेली ना!" आपणहून, मराठीत. त्या दिवशी कुणी मतलब विचारला नाही. घरी येताना मी यांना म्हटलं, ही बाई वेडी आहे, पण मला हवी आहे.

तिथून पुढं आपली पुस्तकं सुरू झाली. प्रकाशकांना मजकूर लागायचा म्हणून मी लिहायची, पण तुला तो चालायचा नाही. "ते पुण्याला पाठव. मला सांग," म्हणायचीस. थंडीत तुझ्या जेवणाच्या टेबलावर मटारचा ढीग, आपण दोघी सोलतोय आणि मी सांगतेय. मध्येच "थांब" म्हणायचीस. "हिच्या पायात काय आहे?" मला काय ठाऊक? आत्यानं कधी सांगितलं नव्हतं. "मग तुझ्या डोळ्यांपुढं ती चालते कशी?" तू असं विचारलंस की मला खरंच डोळे मिटून बघावं लागायचं. लहानपणापासून तोंडपाठ असलेल्या त्या गोष्टींमधल्या वाटा, उंबरे, चुली मला तुझ्या टेबलाशी बसून पहिल्यांदा दिसल्या.

आणि एवढं सगळं विचारून तू ते काढायची नाहीस! मी तासभर वर्णन केलेला वाघ चित्रात यायचा शेपटीपुरता. मी चिडायची. "तू सांगितलंयस ना वाघाचं, मग मी परत कशाला काढू?" म्हणायचीस. "तुझं झालं की उरेल ते माझं." इतकी वर्षं कॉलेजात शिकवूनही पुस्तकातल्या चित्राचं काम काय, हे मला इतक्या थोडक्यात सांगता आलं नसतं.

चित्र झालं की तू ते फ्रिजवर लहान मुलाच्या उंचीला चिकटवायचीस आणि गुडघे टेकून बघायचीस. गुडघे दुखायला लागले तरी ते सोडलं नाहीस, फक्त उठताना माझा हात मागायला लागलीस. जुन्या शहरातल्या एका गुरुजींकडं लघुचित्रं शिकायला तू चाळिशी उलटल्यावर गेलीस. खारीच्या केसांचा कुंचला धरायला शिकलीस, सांगानेरचा हातकागद आणून तो घोटून गुळगुळीत करायला शिकलीस, आणि त्या राजदरबारी कलेतून कोल्हे, राक्षस आणि म्हाताऱ्या काढायला लागलीस. गुरुजींना ते फारसं रुचलं नव्हतं म्हणे. तुला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

पहिलं पुस्तक आलं तेव्हा मुखपृष्ठावर माझं एकटीचं नाव होतं. तुझं आत, मुंगीएवढ्या अक्षरांत. तू म्हणालीस, "असू दे की, चित्रं दिसतायत ना." मला नाही असू देता आलं. मी पुण्याला फोन करून त्यांचं डोकं खाल्लं, तेव्हा दुसऱ्या पुस्तकापासून दोघींची नावं शेजारीशेजारी, सारख्या अक्षरांत आली. श्रीकांतरावांनीच मागाहून सांगितलं की त्या पुस्तकाच्या प्रती तू बहिणींना, भावजयांना, सोलापूरच्या शाळेतल्या तुझ्या बाईंना, सगळ्यांना धाडल्यास आणि टपाल कार्यालयात उभं राहून ते दमले.

गोपालपुऱ्यातली ती मुलगी आठवते का? आपण रंगांच्या दुकानात होतो. नांदेडहून कोचिंगसाठी आलेली, हॉस्टेलवर राहणारी, डोळ्यांखाली काळं आलेलं. आपलं मराठी ऐकून जवळ आली आणि बोलता बोलता तिला कळलं की तू कोण. "तो जिन्याखाली लपलेला कोल्हा तुम्ही काढलाय?" तिनं लगेच मोबाइल उघडून दाखवला. लहानपणी वाचलेल्या आपल्या पुस्तकातल्या त्या पानाचा फोटो आईकडून मागवून घेतला होता तिनं. "परीक्षा जवळ आली की बघते मी हा. तो घाबरलेला आहे, पण त्यानं शेपटी नीट घडी करून ठेवलीय," म्हणाली. तू इतकी गडबडलीस की पांढऱ्याऐवजी जांभळा रंग घेऊन आलीस, आणि रस्ताभर एकच, "शेपटीची घडी दिसली गं तिला." मी तुझ्याशेजारून चालत होते आणि रस्त्यातल्या प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटत होतं की ही माझी मैत्रीण आहे.

आता या समुद्राच्या गोष्टीकडं येते. आत्याची गोष्ट साधी. समुद्राच्या तळाशी राहणारा राक्षस अख्ख्या गावाची झोप चोरून नेतो. कुणाचा डोळा लागत नाही, तान्ही मुलं रडून रडून दमतात. शेवटी एक मुलगी समुद्रात जाते आणि राक्षसाला विचारते, तुला एवढी झोप कशाला? तो म्हणतो, मला कधी कुणी गाऊन निजवलं नाही. ती गाते, राक्षस निजतो आणि मुलगी गावाची झोप घेऊन वर येते. संपली.

तू आधी राक्षस काढलास. त्याची पावलं पुढं, अगदी पानाच्या काठाशी, आणि चेहरा लांब मागं, लहानसा. आणि टाचांना ह्या अशा भेगा. "एवढं मोठं धूड, जन्मभर अनवाणी, ते पण खाऱ्या पाण्यात. भेगा नसतील?" तुझी नात ईरा तेव्हा सहा वर्षांची. ती शाळेतून आली, फ्रिजवरचं चित्र तिनं पाहिलं, आईच्या टेबलावरून क्रीम आणलं आणि राक्षसाच्या टाचांना चोळलं. महिन्याभराचं काम! मी कपाळाला हात लावला. सून घाबरीघुबरी. ईरा आपली समजावतेय, "आजी, उसको जलन होती होगी ना!" तू चित्र उतरवून उजेडात धरलंस, तो तेलकट डाग निरखलास आणि म्हणालीस, "ह्याच्यापेक्षा मोठं बक्षीस आता मला कोण देणार?" ते चित्र तू पुन्हा काढलं नाहीस. डागासकट स्कॅन होऊन पुण्याला गेलं. मी घरी येऊन गोष्टीत एक वाक्य वाढवलं. मुलगी जाताना कोकमतेलाचा गोळा बरोबर नेते आणि राक्षसाच्या टाचांना लावते. आमच्याकडं भेगांना तेच लावतात. आत्याच्या गोष्टीत हे नव्हतं. आता ती गोष्ट जो कुणी सांगेल त्याला हे सांगावं लागेल, आणि ते तुझ्यामुळं आलेलं आहे.

मग तू समुद्र काढलास.

"हे काय?" मी विचारलं.

"समुद्र."

"समुद्राला पायऱ्या?"

"होय की."

"वैजू, समुद्रात कुणी पायऱ्यांनी जात नाही. वाळू असते. पाणी आपणहून पायाशी येतं. मी त्याच्या काठाला वाढलेय."

"आणि मी नाही," तू म्हणालीस. सोलापूरकडची तू, समुद्र उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलेला, त्यातही एकदा अंगात ताप होता म्हणून गाडीच्या काचेतून. मी म्हटलं, म्हणूनच माझं ऐक. तू म्हणालीस, म्हणूनच ऐकत नाही.

पुढच्या रविवारी तू मला गाडीत घालून आमेरकडच्या एका बावडीवर नेलंस. वरून बघितलं तर पायऱ्याच पायऱ्या, आणि पार तळाशी हिरवं पाणी. दोरी बांधलेली. रखवालदार म्हणाला, "माताजी, नीचे जाना मना है." तू म्हणालीस, "भैया, बस चार सीढ़ी. इनको समुंदर दिखाना है." तो बिचारा इतका गोंधळला की त्यानं दोरी वर उचलली. आपण गुडघे सांभाळत उतरलो आणि बसलो. तू म्हणालीस, "इथल्या पोरांना पाणी म्हटलं की खाली जायचं असतं. त्यांच्या पणज्या अशाच घागरी घेऊन उतरल्या. मी नुसती वाळू काढली तर त्यांना वाटेल, हे तर आपलं वाळवंटच आहे."

"पुस्तक पुण्याला छापतायत. कोकणातली पोरं हसतील."

"हसू देत की. राक्षसाच्या गोष्टीत हसायचं नाही असं कुठं आहे?"

"गोष्ट जिथली आहे तिथला समुद्र हवा."

"आणि जिथं सांगतेस तिथला नको?"

मग आपण तोंडं फिरवून बसलो, आणि शेवटी रखवालदारानंच येऊन आपल्याला हाकललं. घरी येऊन मी केतकीला लांबलचक मेल लिहिलं, समुद्रकिनारा म्हणजे काय ते वर्गात शिकवावं तसं. तुझ्या पाठीमागं बोलले असं नको म्हणून तुलाही पाठवलं. तुझं दोघींना एका ओळीचं उत्तर आलं: "झाडं मॅडमची, पाणी माझं."

त्यानंतर तुझं दुखणं निघालं आणि पुस्तक बाजूला पडलं. अंथरुणाला खिळेपर्यंत तू चित्रं मात्र पुरी केलीस. हॉस्पिटलात मी यायची ती पायऱ्यांचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच. तूच काढलास. मी लगेच म्हटलं, "राहू देत पायऱ्या. छान आहेत." तू उशीवरून असं काही बघितलंस माझ्याकडं! "आता का गं छान झाल्या? मी मरायला लागले म्हणून?" आवाज उरला नव्हता तुझ्यात, तरी खेकसलीस. "भांड की नीट."

मग भांडले मी. समुद्राला पायऱ्या नसतात, कधी नव्हत्या, नुसता हट्ट आहे तुझा, म्हटलं. नर्स आत येऊन मलाच दटावायला लागली. तू डोळे मिटून हसत होतीस. जे खरं म्हणायचं होतं ते राहिलंच. मला म्हणायचं होतं, वैजू, तुझ्याशी भांडून माझ्या गोष्टी जितक्या माझ्या झाल्या तितक्या त्या आत्याच्या मांडीवर ऐकतानाही नव्हत्या. जाऊ नकोस. पण तसं म्हटलं असतं तर तू पुन्हा खेकसली असतीस, आणि तुला तेवढा श्वास नव्हता.

इथवर काल लिहून ठेवून दिलं होतं. आज सकाळी तुझ्या घरी गेले. खरं सांगते, केतकीला हो म्हणायच्या तयारीनंच गेले होते. पुस्तक यावं, तुझं नाव त्याच्यावर असावं, एवढंच मला हवं होतं. त्याआधी मूळ चित्रं एकदा हातात घ्यावीत असं वाटलं, कारण पुरी झालेली मी फक्त मोबाइलच्या काचेवर पाहिली होती. श्रीकांतराव तुझ्या टेबलाला अजून हात लावत नाहीत. "वहिनी, तुम्हीच काढा," म्हणाले आणि दारात उभे राहिले.

चित्र खिडकीशी नेलं. वैजू, तुझ्या पायऱ्या पाण्याच्या काठाशी थांबत नाहीत. पाण्याखाली जातात, एकेक फिकट होत, निळ्यात निळ्या होत, पार राक्षसाच्या टाचेपर्यंत. आणि मुलगी परत निघते त्या पानावर त्याच पायऱ्या आहेत, आता खालून वर बघितलेल्या, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर ऊन पडलंय. मोबाइलवर मला तिथं नुसता निळा रंग दिसला होता.

ही गोष्ट मंडळात पहिल्यांदा सांगितली तेव्हा एका मुलीनं विचारलं होतं, "पण आंटी, ती वर कशी आली?" मी म्हटलं, आली, गोष्टच आहे ती. आत्याही हेच म्हणायची, "आली गो वर." आमच्या गावातली माणसं समुद्रानं नेलेली होती. लहानपणी मला या गोष्टीतल्या राक्षसाची भीती कधी वाटली नाही, वाटायची ती ही, की मुलगी परत आलीच नाही तर? अंथरुणात पडून मी गोष्टीतल्या मुलीला वर आणायचा प्रयत्न करायची आणि ती मध्येच बुडायची. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुलाही नाही. तू त्या दिवशी फळ्याशी उभी होतीस, मंडळातल्या त्या मुलीचा प्रश्न तू ऐकलास, आणि मी उडवून लावलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर दगड न् दगड रचून काढलंस. मला मात्र पणज्या आणि घागरी सांगत बसलीस. का गं? की तुलाही ते हातानं काढल्यावरच कळलं?

दारातून श्रीकांतराव म्हणाले, "वहिनी, बरं वाटत नाहीये का?"

"फार बरं वाटतंय," मी म्हटलं आणि तुझ्या खुर्चीत बसून रडले. दुःख त्यात होतंच. पण त्याहून जास्त अभिमान होता. एवढी मोठी चित्रकार इतकी वर्षं माझ्याशी, खास माझ्याशी भांडत होती.

सोमवारची वाट बघायचं कारणच उरलं नाही. तिथूनच केतकीला फोन लावला आणि पायऱ्या राहतील म्हणून सांगितलं.

ती गडबडली. "पण मॅडम, तुमचं मेल आहे माझ्याकडं. तुम्हीच लिहिलं होतंत की..."

"ते आमचं दोघींचं भांडण होतं, केतकी. ते अजून चालू आहे. त्यात तू पडायचं नाहीस."

"पण आमचे साहेब..."

"साहेबांना सांग, समुद्राला पायऱ्या नसतात हे मी कोकणात जन्मलेली बाई सांगतेय. नसतातच. पण या समुद्राला आहेत. त्या पुसल्या तर पुस्तकात माझी गोष्टही नाही."

हे बोलून तर गेले, पण साहेब खरंच "बरं, नको तर नको" म्हणाले असते तर तुझं शेवटचं काम कपाटातच राहिलं असतं. मग तिला मंडळातल्या त्या मुलीचा प्रश्न सांगितला आणि म्हटलं, चित्र समोर घे आणि मोठं करून बघ. फोनवर माऊसची टिकटिक ऐकू आली. शेवटी म्हणाली, "अय्या, शेवटची पायरी त्याच्या टाचेला टेकलीय!"

"टेकलीय," मी म्हटलं.

दुपारी तिचा पुन्हा फोन आला. साहेबांशी चांगलीच वाजलेली असावी, आवाजावरून कळत होतं. तुला आवडली असती आज ती. पायऱ्या राहणार, पुस्तक छपाईला जाणार. साहेबांची एकच अट, शेवटच्या पानावर मुलांसाठी चार ओळी हव्यात, हा समुद्र असा का ते सांगणाऱ्या, म्हणजे शाळेत कुणी विचारलं तर उत्तर असेल. त्या मी लिहायच्या.

समजावून सांगायचं नाही अशी मी स्वतःला ताकीद दिली, तरी आधी दोन पानं समजावूनच सांगितलं. ती फाडली. मग कागद बाजूला सारला, समोर मुलं बसलीत असं धरलं, मोठ्यानं सांगितलं आणि सांगितलं तसं उतरवून काढलं:

"या पुस्तकातला समुद्र वैजयंतीबाईंनी काढला. त्या जयपूरला राहायच्या आणि समुद्र त्यांनी फार थोडा पाहिला होता. खऱ्या समुद्राला पायऱ्या नसतात. पण या मुलीला घरी परत यायचं होतं, म्हणून त्यांनी तिला पायऱ्या बांधून दिल्या."

केतकीला पाठवून दिलं. तिला ते लगेच पटलं. तुला पटलं नसतं, चित्रात आहे ते परत कशाला सांगतेस म्हणून तू भांडली असतीस, आणि आज मला तेवढंच हवं होतं.